अर्जदार रंगो बापूजी
(द्वितीय वर्ष कला)

इतिहासाच्या तासाला आग्नेय आशियातील राष्ट्रवादाचा भाग चालू होता. सरांनी होसे रिझाल या फिलिपिनो डॉक्टरचे नाव फळ्यावर लिहिले आणि त्याच्या परदेशातील कार्यावर प्रत्येकाने चार-चार पाने लिहून आणावीत असे सांगितले. खरे सांगायचे तर त्या दिवसापर्यंत फिलिपाइन्स हा देश नकाशावर नेमका कोठे आहे हेही मला ठाऊक नव्हते. ग्रंथालयातील एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि शेजारी शब्दकोश घेऊन मी तीन दिवस बसले, आणि चार पानांचा तो निबंध कसाबसा पुरा केला. निबंध सरांकडे गेला, गुणही मिळाले, पण एक गोष्ट डोक्यातून गेली नाही. तिच्यातूनच प्रस्तुत लेख झाला आहे.

रिझालचा जन्म १८६१ सालचा, कलांबा या गावचा. फिलिपाइन्सवर तेव्हा स्पेनचे राज्य होते. विसाव्या वर्षी, म्हणजे १८८२ साली, तो घर सोडून स्पेनला गेला, माद्रिदला वैद्यक शिकला, पुढे पॅरिस आणि हायडेलबर्ग येथे नेत्ररोगाचे शिक्षण घेतले. आईची दृष्टी अधू होत चालली होती म्हणून त्याने डोळ्यांची विद्या निवडली असे सांगतात. पुढे त्याने स्वतः आईच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया केली. १८८७ साली बर्लिनला त्याची पहिली कादंबरी छापली गेली, तीत स्पॅनिश पाद्र्यांच्या जुलमाचे चित्र होते, आणि त्यामुळे मायदेशी राहणे त्याला अशक्य झाले. मग हाँगकाँग, जपान, अमेरिका, लंडन, पॅरिस, ब्रुसेल्स, गेंट असा त्याचा प्रवास होत राहिला. लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये बसून त्याने फिलिपाइन्सविषयीचा १६०९ सालचा एक जुना ग्रंथ हाताने उतरून काढला, कशासाठी, तर स्पॅनिश येण्यापूर्वी आपली माणसे रानटी नव्हती हे स्पॅनिशांच्याच पुस्तकातून दाखवण्यासाठी. १८८९ च्या फेब्रुवारीत बार्सिलोना येथे त्याच्या सोबत्यांनी ‘ला सोलिदारिदाद’ नावाचे पाक्षिक काढले. त्यातील मागण्या आज वाचल्या तर अगदी मवाळ वाटतात. स्पेनच्या संसदेत आमचे प्रतिनिधी घ्या, कायदा आम्हांलाही सारखाच लावा, पाद्र्यांचा अंमल आवरा. स्वातंत्र्य द्या असे त्यात उघड म्हटलेलेही नाही.

डोक्यात राहिली ती गोष्ट यातली नव्हे. ती कलांबाची आहे. कलांबाची जमीन डोमिनिकन पाद्र्यांच्या मालकीची आणि गावकरी त्यांची कुळे. खंड वाढत चालला तशी कुळांनी तक्रार केली. गावाची माहिती गोळा करून तो कागद तयार करण्यात रिझालचा हात होता. त्याचा परिणाम उलटा झाला. दावे लागले, खटला वरवर चढत माद्रिदपर्यंत गेला, आणि १८९०-९१ मध्ये सैन्य लावून कुळांना घराबाहेर काढण्यात आले. त्यात रिझालचे स्वतःचे घरही गेले. डॉक्टर माद्रिदमध्ये एका दारातून दुसऱ्या दारात हिंडत होता आणि तिकडे त्याची बहीण-भावंडे उघड्यावर आली होती. पुढे १८९२ साली त्याने उत्तर बोर्निओत संदाकान येथे जाऊन या उठवलेल्या लोकांची वसाहत करता येईल का याची बोलणी केली. स्पॅनिश गव्हर्नरने परवानगी दिली नाही.

‘उठवलेले लोक’ हा शब्द मला शब्दकोशात शोधावा लागला नाही. आमचे मूळ गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात होते. १९६० च्या सुमारास धरणाचे पाणी चढू लागले तेव्हा आमच्या लोकांना उठवून सांगली जिल्ह्यात आणून बसवले. माझे आजोबा, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, तेव्हा दहा-बारा वर्षांचे होते. कागदोपत्री जेवढी जमीन मिळायची होती तेवढी ताब्यात मिळाली नाही. म्हणून माझ्या पणजोबांनी अर्ज केला. ते निरक्षर होते. अर्ज शाळेच्या गुरुजींनी लिहिला, पणजोबांनी अंगठा उठवला. त्यांच्यामागे आबांनी अर्ज केले. आमच्या घरी एक पत्र्याची ट्रंक आहे, तीत लुगड्यांपेक्षा अर्ज जास्त आहेत. मी आठवीत गेल्यापासून अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आणि घरातली पहिली अक्षरे गिरवणारी मुलगी म्हणून मला त्याचा मोठा अभिमान वाटे. आता तेवढा वाटत नाही.

निबंध पुरा झाल्यावर मी सरांना विचारले की आपल्याकडे असा कोणी झाला का? राज्यकर्त्याच्याच राजधानीत जाऊन वर्षानुवर्षे तक्रार मांडत राहिलेला? सर हसले आणि म्हणाले, “तू रोज राजवाड्यावरून कॉलेजला येतेस ना? त्याच राजवाड्याचा माणूस आहे. ग्रंथालयात प्रबोधनकार ठाकऱ्यांचे पुस्तक माग.” अशा रीतीने मी रंगो बापूजींकडे आले. त्यांचे नाव मला शाळेपासून माहीत होते, पण ते १८५७ च्या धड्यातील एका ओळीपुरते: साताऱ्यातील कटाचे सूत्रधार. त्या ओळीच्या आधी त्यांनी चौदा वर्षे काय केले हे मला कोणी सांगितले नव्हते.

रंगो बापूजी गुप्ते हे रोहिडखोऱ्याच्या देशपांडे घराण्यातले, शिवाजी महाराजांच्या सुरुवातीच्या सहकाऱ्यांपैकी दादाजी नरसप्रभूंच्या वंशातले. त्यांचे धनी म्हणजे साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह. या प्रतापसिंह महाराजांविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण सारे प्रकरण त्यांच्या स्वभावातून उभे राहिले असे माझे मत आहे.

पेशवाईच्या अखेरीस, १८१८ च्या फेब्रुवारीत अष्टीच्या लढाईनंतर प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. इंग्रजांनी त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवले आणि २५ सप्टेंबर १८१९ रोजी त्यांच्याशी तह केला. या तहाने राज्य मिळाले, पण परक्या कोणाशीही परस्पर पत्रव्यवहार करण्याचा हक्क गेला. महाराजांनी जे मिळाले ते नेटाने चालवले. रस्ते बांधले, शिक्षणाकडे लक्ष दिले, रोजच्या कामाची रोजनिशी ठेवली. महाबळेश्वरचे ठाणे इंग्रजांना पाहिजे होते, ते वाईजवळच्या खंडाळ्याच्या बदल्यात दिले. कारभार इतका चोख की १८३५ साली कंपनीच्या लंडनच्या संचालकांनी त्यांची स्तुती करून रत्नजडित तलवार भेट म्हणून मंजूर केली. ती तलवार मुंबई सरकारने त्यांच्या हाती पडू दिली नाही.

मधल्या काळात जहागीरदारांचा वाद उपस्थित झाला होता. अक्कलकोट, भोर, फलटण, औंध, जत या जहागिऱ्यांवर वरचा हक्क कोणाचा, सातारकर छत्रपतींचा की इंग्रजांचा? महाराज तहाचा कागद काढून दाखवीत. लंडनहून निकाल त्यांच्या बाजूचा आला तोही मुंबईत दडपून ठेवण्यात आला. तहाचा कागद अक्षरशः खरा मानणारा राजा मुंबई सरकारला अडचणीचा होऊ लागला. १८३६ साली त्यांच्यावर आरोप ठेवण्यात आले: त्यांनी २३ व्या पलटणीतील देशी अंमलदारांना फितवले, गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराशी संधान बांधले, पदच्युत नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार केला. चौकशी झाली ती गुप्त. पुराव्यात एक अर्ज होता. महाराजांचे दिवाण गोविंदराव कैदेत होते, आणि त्यांची आई गिरजाबाई हिच्या नावाने तो दिलेला होता. पुढे तो कृष्णाजी सदाशिव भिडे नावाच्या माणसाने लिहिल्याचे बाहेर आले. एका खोट्या अर्जाने राज्य घालवण्यास हातभार लावला. खऱ्या अर्जांनी ते परत मिळाले नाही. हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत बसले, हे येथे कबूल करते.

१८३९ साली नवे गव्हर्नर सर जेम्स कार्नाक स्वतः साताऱ्यास आले. त्यांनी महाराजांपुढे एक कागद ठेवला. पूर्वी आपल्याकडून तहाविरुद्ध वर्तन झाले असे लिहून द्या, सही करा, मग गेले ते विसरू, असा त्याचा आशय. सही केली असती तर गादी राहिली असती. महाराजांनी सही केली नाही. न केलेला गुन्हा कबूल करणार नाही, माझी उघड चौकशी करा, एवढेच त्यांचे म्हणणे. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना गादीवरून काढले, त्यांचे धाकटे बंधू आप्पासाहेब ऊर्फ शहाजी यांना बसवले, आणि प्रतापसिंहांची रवानगी काशीस झाली. त्या लांबच्या प्रवासात त्यांचे बाळासाहेब सेनापती वाटेतच वारले.

“माझी उघड चौकशी करा.” रंगो बापूजी चौदा वर्षे लंडनमध्ये जे मागत राहिले ते मुळात हे एवढेच आहे. राज्य परत द्या ही मागणी त्यानंतरची. प्रथम आरोपीला आरोपपत्र दाखवा, साक्षीदार समोर आणा, त्याचे म्हणणे ऐका. रिझालच्या सोबत्यांच्या मागण्यांशी हे ताडून पाहावे. दोन्ही ठिकाणी राज्यकर्त्याला त्याचाच कायदा वाचून दाखवलेला आहे.

विलायतेस जाऊन दाद मागण्याची कल्पना काही साताऱ्याची नव्हे. दिल्लीच्या बादशहाच्या वतीने राजा राममोहन रॉय १८३० साली गेले होते व १८३३ साली तेथेच ब्रिस्टल गावी वारले. साताऱ्याकडूनही रंगो बापूजींच्या अगोदर मीर अफजल अली यांना पाठवलेले होते, आणि इतरही वकील गेले. परंतु बाकीचे आले आणि गेले. रंगो बापूजी राहिले. १८४० ते १८५३. सुवेझचा कालवा व्हायला अजून तीस वर्षे होती. समुद्र ओलांडला म्हणजे जात गेली असे मानणारा तो काळ. घरी बायको-मुले. भाषा परकी. मला साताऱ्यात वसतिगृहावर आल्यावर पहिले दोन महिने रात्री झोप लागत नसे, आणि माझे गाव एस.टी.ने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे. तेव्हा मोठ्या माणसांच्या त्यागाविषयी लिहिताना आपण जे ठराविक शब्द वापरतो ते येथे वापरण्याचे मला धाडस होत नाही.

आता त्यांनी तेथे नेमके केले काय? हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, कारण त्यांनी नुसते दार ठोठावले नाही. ते घर आतून कसे आहे हे प्रथम समजून घेतले. लंडनच्या लेडनहॉल रस्त्यावर इंडिया हाऊस नावाची कंपनीची मोठी कचेरी होती. तेथे चोवीस संचालकांचे मंडळ बसे. त्यांच्यावर १७८४ पासून इंग्लंड सरकारचे नियंत्रण मंडळ होते. आणि या दोहोंच्या खाली, किंवा एका अर्थी शेजारी, भागधारकांची सभा होती. ज्याच्याजवळ कंपनीचा हजार पौंडांचा भाग त्याला एक मत. हिंदुस्थानातील कोट्यवधी रयतेला जे मत नव्हते ते लंडनमधील एखाद्या विधवेला किंवा पेन्शनर कर्नलला होते, केवळ तिने किंवा त्याने पैसे गुंतवले म्हणून! या सभेला राज्यकारभार फिरवण्याची ताकद फारशी उरली नव्हती. परंतु तेथे प्रश्न विचारता येत, ठराव मांडता येत, कागदपत्रे छापा अशी मागणी करता येई, आणि तेथील भाषणे छापली जात. रंगो बापूजींच्या पक्षाने ही फट हेरली. संचालक ऐकत नाहीत ना, मग भागधारकांसमोर जाऊ. भागधारक मत देत नाहीत ना, मग पार्लमेंटात प्रश्न विचारवू. पार्लमेंट बधत नाही ना, मग पुस्तिका छापू.

त्यांना साथ देणारी माणसेही पाहण्यासारखी आहेत. जॉर्ज थॉम्प्सन हे गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीतील नाणावलेले वक्ते. त्यांनी साताऱ्याचा प्रश्न भागधारकांच्या सभेत पुनःपुन्हा लावून धरला. जोसेफ ह्यूम यांनी तो पार्लमेंटात नेला. पण मला खरे आश्चर्य वाटले ते दुसऱ्या तीन नावांचे: ब्रिग्ज, रॉबर्टसन आणि लॉडविक. हे तिघेही पूर्वी साताऱ्यात कंपनीचे रेसिडेंट म्हणून राहिलेले, म्हणजे महाराजांवर नजर ठेवणे हेच ज्यांचे काम होते ते अधिकारी. लॉडविक तर त्या गुप्त चौकशीच्या समितीत स्वतः बसलेले. हेच लोक लंडनमध्ये महाराजांच्या बाजूने बोलले. महाबळेश्वरला सहलीला जाऊन लॉडविक पॉइंटवर फोटो न काढलेला विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात सापडणार नाही. मीही काढला आहे. तो लॉडविक म्हणजे हाच गृहस्थ, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

ठराव मांडले गेले आणि पडले. १८४१ साली पडले, १८४५ साली पडले. मतांची मोजणी प्रत्येक वेळी विरुद्ध गेली. १४ ऑक्टोबर १८४७ रोजी प्रतापसिंह महाराज काशीस वारले. ज्याच्या चौकशीची मागणी चालली होती तो माणूसच गेला. रंगो बापूजी तेव्हा परत फिरले असते तर कोणी नाव ठेवले नसते. महाराजांनी दत्तक घेतलेला मुलगा शाहू आणि राणीसाहेब यांच्या वतीने त्यांनी पुन्हा अर्ज सुरू केले.

आणि लगेच पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १८४८ रोजी, साताऱ्यास गादीवर बसवलेले शहाजी राजेही वारले. त्यांनी मरण्यापूर्वी दत्तक घेतला होता. तो मान्य करावा असे मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लर्क यांचेही मत होते. गव्हर्नर जनरल डलहौसी यांनी ते मानले नाही. औरस वारस नाही म्हणून राज्य खालसा! या तत्त्वाने गेलेले पहिले मोठे राज्य सातारा. झाशी आणि नागपूर त्यानंतरची. म्हणजे ज्या भावाने कंपनीचे सर्व ऐकले त्याचेही राज्य राहिले नाही, आणि ज्याने ऐकले नाही त्याचेही नाही. सही करणे आणि न करणे यांचा हिशेब शेवटी एकच निघाला. फरक एवढाच की एकाचा सहीचा कागद उरला आणि दुसऱ्याचा नकाराचा.

यानंतरही रंगो बापूजी पाच वर्षे लंडनमध्ये होते. कशाच्या आशेवर? १८५३ साली कंपनीच्या सनदेची मुदत संपत होती, पार्लमेंटात हिंदुस्थानच्या कारभाराची चर्चा होणार होती, तेव्हा शेवटचा एक प्रयत्न करण्यासारखा होता हे खरे. सनद पुन्हा कंपनीलाच मिळाली. डोक्यावर कर्ज झालेले होते. अखेर कंपनीनेच त्यांना अडीच हजार पौंड आणि मुंबईपर्यंतचे जहाजभाडे दिले, आणि १८५३ च्या डिसेंबरात ते प्रकरण मिटवले. ज्यांच्याविरुद्ध चौदा वर्षे तक्रार केली त्यांच्याच पैशाने घरी परतावे लागले. याबद्दल कोणी त्यांना दोष दिला तर मला राग येतो. बोटीचे भाडे नसलेल्या माणसाने काय करावे?

आपल्या शालेय पुस्तकांत लंडनचा उल्लेख आला तर तो अजीमुल्लाखानाच्या भेटीपुरता येतो. नानासाहेब पेशव्यांचा हा वकील लंडनला गेला, रंगो बापूजींना भेटला आणि तेथे दोघांनी सत्तावन्नच्या उठावाचा बेत केला, अशी कथा रंगवून सांगतात. अजीमुल्ला निघाला तो १८५३ साली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस रंगो बापूजी परतीस लागले. भेट झालीच असेल तर ती थोडक्या दिवसांची. माझा आक्षेप भेटीला नाही. आक्षेप असा की या एका भेटीसाठी आपण बाकीची तेरा वर्षे पुसून टाकतो. तलवारीची गोष्ट सांगायला सोपी असते. छापील निवेदन, पडलेला ठराव, पुन्हा निवेदन, यात सांगण्यासारखे नाट्य नाही.

पुढचा भाग सातारकरांना माहीत आहे, म्हणून लवकर सांगते. १८५७ च्या उन्हाळ्यात साताऱ्यात कटाचा सुगावा लागला. रंगो बापूजी निसटले. त्यांच्यावर बक्षीस लावले गेले, पण इंग्रजांच्या हाती ते कधीच लागले नाहीत. त्यांचा मुलगा सीताराम मात्र सापडला. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शिक्षा झाली. पाच जणांना फाशी दिले, सहा जणांना तोफेच्या तोंडी दिले, सहा जणांना गोळ्या घातल्या. सीताराम त्या सतरांत होता. बाप विलायतेस होता तेव्हा त्याचे बालपण आणि तारुण्य बापावाचून गेले असणार, आणि बाप परतल्यावर चार वर्षांत हे झाले.

रिझालकडेही असेच झाले. १८९२ साली तो मनिलास परतला, ३ जुलैला त्याने सुधारणांसाठी एक संस्था काढली आणि त्याच आठवड्यात त्याला अटक होऊन दापितान नावाच्या दूरच्या गावी पाठवण्यात आले. चार वर्षे तेथे त्याने दवाखाना चालवला, मुलांना शिकवले, गावाला नळाने पाणी आणले. त्याला अटक होताच मनिलात आंद्रेस बोनिफासिओ याने गुप्त सशस्त्र संघटना स्थापन केली. १८९६ साली तिचा उठाव झाला, आणि उठावाशी संबंध नसल्याचे सांगत असलेल्या रिझालला ३० डिसेंबरला गोळ्या घालण्यात आल्या. वय पस्तीस. ‘ला सोलिदारिदाद’चा दुसरा संपादक देल पिलार त्याच वर्षी जुलैत बार्सिलोनात दारिद्र्यात क्षयाने मेला होता. अर्जदारांचे तोंड बंद करणाऱ्या सरकारला पुढे अर्ज न करणारी माणसे भेटतात, हा दोन्ही ठिकाणचा क्रम मला योगायोग वाटत नाही.

आमच्या वर्गात यावर वाद झाला. एक मित्र म्हणाला, चौदा वर्षे फुकट गेली. तीच चौदा वर्षे गावोगाव माणसे जमवण्यात घातली असती तर १८५७ ला सातारा पेटला असता. या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. लंडनच्या सभागृहात बोलता बोलता साताऱ्याच्या रयतेशी काय बोलणे राहून गेले याचा हिशेब कोणी मांडलेला माझ्या वाचनात नाही. रयतेच्या बाजूने पाहिले तर एक राजा गेला आणि दुसरा आला, एवढाच तो प्रश्न होता काय, हेही विचारले पाहिजे. परंतु ‘फुकट’ हा शब्द मला मान्य नाही, आणि त्याचे कारण आबांकडून मिळाले.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा आबांना ही सगळी हकीकत सांगितली. ते सुपारी कातरत ऐकत होते. चौदा वर्षे ऐकून त्यांना काही विशेष वाटले नाही, कारण आमचे अर्ज साठ वर्षांचे आहेत. शेवटी त्यांनी विचारले, “पोच घेतली व्हती का त्येनं?”

ज्यांनी कधी कचेरीची पायरी चढली नसेल त्यांच्यासाठी सांगते. अर्ज नुसता देऊन चालत नाही. त्याची दुसरी प्रत जवळ ठेवायची, तीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घ्यायचा. त्याला पोच म्हणतात. एकदा एका कचेरीत आबांना सांगण्यात आले की तुमचा कसलाही अर्ज आमच्याकडे आलेला नाही. त्यानंतर आबा पोच घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलत नाहीत, मग जेवणाची सुट्टी होऊन खिडकी बंद झाली तरी चालेल. “उत्तर न्हाई आलं तर न्हाई. पर आमी आलोच न्हवतो असं कुनी म्हनाया नगं,” असे ते म्हणतात.

रंगो बापूजींनी पोच घेतली होती. साताऱ्याच्या प्रकरणाचे कागद पार्लमेंटाच्या हुकमाने छापावे लागले. गुप्त चौकशीतील जबान्या, रेसिडेंटांची पत्रे, गव्हर्नरांचे शेरे, सभेतील भाषणे, सर्व छापले गेले. गिरजाबाईचा अर्ज खोटा होता हे आपल्याला कशावरून कळते? छापून निघालेल्या या कागदांवरून. मेजर बामनदास बसूंनी १९२२ साली साताऱ्याची कहाणी इंग्रजीत लिहिली, पुढे प्रबोधनकारांनी मराठीत लिहिली, ती ज्या सामग्रीवर लिहिली तिच्यातली बरीचशी या चौदा वर्षांच्या खटाटोपामुळे उजेडात राहिली. राजा फितूर होता आणि त्याने आपण होऊन राज्य गमावले असे लिहून इंग्रजांना प्रकरण बंद करता आले असते. तसे करता आले नाही. रिझालने ब्रिटिश म्युझियममध्ये बसून जो जुना ग्रंथ उतरला तोही माझ्या दृष्टीने याच जातीचा उद्योग आहे.

आबांना मी एवढे सगळे सांगितले नाही. “घेतली होती, छापील,” एवढेच म्हणाले. ते म्हणाले, मग बरोबर.

सुट्टी संपवून साताऱ्यास परतल्यावर एका रविवारी मैत्रिणीला घेऊन गेंडामाळावर आणि तेथून चार भिंतीवर जाऊन आले. चार भिंतीवरून सगळे शहर दिसते. संध्याकाळी तेथे फिरायला आणि भेळ खायला येणाऱ्यांची गर्दी असते. मैत्रिणीने मला राजवाडा दाखवला आणि मी तिला, त्या राजवाड्यातून निघालेला रस्ता कोणत्या बाजूने मुंबईकडे जातो ते.

या सुट्टीत आबांच्या ट्रंकेतील कागद तारखेप्रमाणे लावायला सुरुवात केली आहे. सर्वांत जुना, गुरुजींच्या हातचा, मोडी वळणाच्या बाळबोध अक्षरांतला आहे. घड्यांवर फाटला आहे. पणजोबांच्या अंगठ्याच्या खाली शिक्का आहे, परंतु त्यातील आवक क्रमांक वाचता येत नाही.